पोट्टे, पोहे आणि दुपारची झोप : लहान मुलांना घेऊन नागपुरात एक दिवस

वर्धा, भंडारा, उमरेड, काटोलकडून मुलांना घेऊन नागपूर बघायला निघणारी बहुतेक कुटुंबं एकाच ठिकाणी चुकतात. यादी लांबते. महाराजबागेतले प्राणी, रामन विज्ञान केंद्र, दीक्षाभूमी, फुटाळा तलाव, बर्डीवरची (सीताबर्डीची) खरेदी आणि जमलंच तर आत्याकडे चहा. नकाशावर हे सगळं जवळजवळ दिसतं, म्हणून सोपं वाटतं. पण दोन ते सात वर्षांच्या मुलाचा दिवस भुकेवर, शूवर आणि झोपेवर चालतो. नागपूरचा बेत मोडतो तो दुपारी एक ते चारच्या मध्ये. तेव्हा ऊन टळटळीत असतं, पोट भरलेलं असतं आणि मूल पेंगुळलेलं असतं. नेमकं त्याच वेळी आपण त्याला पुढच्या रांगेत उभं करतो.

म्हणून बेत उलटा आखा. दुपारी मूल कुठे झोपेल, हे आधी ठरवा. मग त्याच्या अलीकडे एक ठिकाण आणि पलीकडे एक ठिकाण धरा. मोठी ठिकाणं दोनच. तिसरं जमलं तर वरकड समजा, आणि मुलांना त्याचं नाव आधी सांगू नका. सांगितलेलं ठिकाण राहिलं की परतीच्या गाडीत भोकाड ठरलेलं.

दिवस कोणता

सोमवार टाळा. महाराजबाग, अजब बंगला हे संग्रहालय आणि गोरेवाड्याची सफारी तिन्ही सोमवारी बंद असतात. रविवारी महाराजबागेत पिंजऱ्यापुढे मोठ्यांचे खांदेच दिसतात. कडेवर न घेता चार वर्षांच्या मुलाला वाघ दिसत नाही. मंगळवार ते शुक्रवारमधली शाळेची सुट्टी सापडली तर उत्तम, नाहीतर शनिवार.

डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशन बाहेरगावचे लोक विसरतात. विधानभवन सिव्हिल लाइन्समध्ये. मोर्चे निघाले की झिरो माईल, टेकडी रोड, व्हरायटी चौक या पट्ट्यातले रस्ते वळवतात, आणि मुलांची निम्मी ठिकाणं याच पट्ट्यात आहेत. त्या आठवड्यांत मेट्रो सोडून दुसरं वाहन घेऊ नका. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महाल भागात मारबतीची, म्हणजे भल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते. काळी आणि पिवळी मारबत बघायला माणसांचा पूर लोटतो. पाच वर्षांखालच्या मुलाला त्या गर्दीत नेऊ नये. दसरा आणि 14 ऑक्टोबरच्या आसपास दीक्षाभूमीकडचे रस्तेही तसेच भरलेले असतात. मुलांना स्तूप दाखवायचा असेल तर एखाद्या साध्या दिवसाची सकाळ धरा.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो आणि अकराला तो हातात येतो, त्यामुळे पिशवीत त्याची जागा धरून ठेवा. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत मुलांना घेऊन हा बेत करूच नका. 2013 च्या मे महिन्यात इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, तर नागपूरकरच दुपारी घराबाहेर पडत नाहीत, तिथे पाहुण्यांनी काय पडायचं! अगदीच यावं लागलं तर सकाळी अकराच्या आत सावलीत परत या आणि मग थेट पाचनंतर निघा.

पोचायचं कसं, फिरायचं कसं

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारामधल्या मुलाला आरक्षित डब्यात स्वतंत्र जागा हवी असेल तर पूर्ण भाडं पडतं, जागा नको असेल तर अर्धं. एसटीतही पाच ते बारा अर्धं तिकीट. बायकांना 2023 च्या मार्चपासून एसटीत अर्धं भाडं आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना प्रवास फुकट. आजी सोबत असली तर वयाचा पुरावा तिच्याच बटव्यात ठेवा. आपल्या पिशवीत टाकला की ऐन वेळी तो डायपरखाली सापडतो. तान्हं मूल असेल तर एसटी स्थानकावरच्या हिरकणी कक्षाची (बाळाला अंगावर पाजायच्या खोलीची) चौकशी उतरल्याबरोबर करा. भुकेलं मूल रडायला लागल्यावर शोधाशोध नको.

चारचाकीने येणाऱ्यांनी गाडी बर्डीपर्यंत आणू नये. पार्किंग शोधण्यात पाऊण तास जातो आणि मुलं गाडीतच कंटाळतात. मेट्रोची चार टोकं चार रस्त्यांवर आहेत, हे ध्यानात ठेवलं की काम भागतं. वर्धा रोडने येत असाल तर खापरी, कामठी रोडने ऑटोमोटिव्ह चौक, भंडारा रोडने प्रजापती नगर, हिंगण्याकडून लोकमान्य नगर. टोकाच्या बाजूला गाडी लावा आणि मेट्रोने शहरात शिरा. ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही मार्गिका सीताबर्डी स्थानकावर एकमेकींना छेदतात. तिथे गाडी बदलताना सरकत्या जिन्याऐवजी लिफ्ट घ्या. सरकत्या जिन्यावर मुलाची चप्पल कडेच्या फटीत ओढली जाते, रबरी सँडल तर हमखास.

क्यूआर तिकीट प्रत्येकाचं वेगळं. गेटवर आई पुढे, मूल मध्ये, बाबा मागे असा क्रम ठेवा. मूल कडेवर असेल तर बाजूचं रुंद गेट वापरा. अरुंद गेटची झडप मोठ्यांच्या कमरेला लागते, तीच मुलाच्या तोंडाशी येते.

बाबागाडी आणू नका. इथले फूटपाथ चढउताराचे, मध्येच खांब, मध्येच टपरी. लांब ओढणी किंवा जुनी सुती साडी आणा. ती झोळी होते, पांघरूण होतं, गवतावर अंथरायला होते. ऑटोत बसायच्या आधी भाडं ठरवा आणि 'इतक्या जणांचे मिळून' हे शब्द उच्चारून घ्या.

सकाळ : महाराजबाग

जनावरं सकाळी हिंडतात आणि ऊन चढलं की आडोशाला पडून राहतात, म्हणून महाराजबाग सकाळीच. बर्डीपासून ऑटोने पाच-सात मिनिटं. बाग कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे, त्यामुळे प्राणिसंग्रहालयाच्या भोवती झाडीची सावली चांगली आहे. दीड तास पुरतो. त्याहून जास्त थांबलात तर मुलं प्राणी सोडून फुगेवाल्याच्या मागे लागतात.

आत खाऊ घेऊन पिंजऱ्यापाशी जाऊ नका. माकडांना शेंगदाणे घालायचा मोह मुलांना नाही, आजोबांना होतो. त्यांना आधीच सांगून ठेवा. वाघ झोपलेला असेल तर हाका मारून उपयोग नाही. त्याऐवजी मुलाला एकच काम द्या : पट्टे मोज, शेपटी कुठे संपते ते बघ, कान हलतो का बघ. तीन वर्षांचं मूलही माशी बसल्यावर हलणारा कान पाच मिनिटं टक लावून बघतं.

तिथून झिरो माईल जवळच. 1907 चा दगडी खांब, शेजारी चार घोडे. भारताचा मध्यबिंदू म्हणून तो ओळखला जातो. वाचता येणाऱ्या मुलाला दगडावर कोरलेली मैलांची अंतरं शोधायला लावा : जबलपूर 170, हैदराबाद 318. धाकट्यांना घोडेच आवडतात. दहा मिनिटांत उरका, रस्ता वाहता आहे, हात सोडू नका. मेट्रो स्थानकालगतच्या फ्रीडम पार्कात रणगाडा ठेवलेला आहे. मोकळं धावायचं असेल तर मुलांना तिथे सोडा.

पावसाळी सकाळ असेल तर महाराजबागेच्या जागी अजब बंगला घ्या. 1863 पासूनचं हे संग्रहालय छपराखाली आहे आणि पेंढा भरलेले प्राणी हलत नाहीत, त्यामुळे नीट बघता येतात. 'हे मेलेले आहेत का?' या प्रश्नाचं उत्तर मात्र दाराशीच तयार ठेवा. चार वर्षांखालची काही मुलं तिथे घाबरतात. पाऊण तासाच्या वर थांबू नका; नाणी आणि शिलालेख मोठेपणी बघता येतील.

खाणं

नागपुरात सकाळ पोह्यांची. पण इथे पोहे म्हटलं की वर तर्री येते, म्हणजे हरभऱ्याचा लालभडक तिखट रस्सा. मुलांसाठी मागताना 'कमी तर्री' म्हणू नका. कमी तर्रीसुद्धा त्यांना जाळते. 'बिना तर्रीचे, वरून फक्त शेव' असं म्हणा, आणि डाव दुसरा घ्यायला लावा. तर्रीच्या भांड्यातलाच डाव पोह्यांत बुडाला की अर्धा तिखटपणा तिथूनच येतो. पहिला घास स्वतः खाऊन बघा, कारण फोडणीतली हिरवी मिरची पोह्यांत लपून बसते. सांबारवडी दिसली तर घ्या, पण दाक्षिणात्य सांबाराची वाट बघू नका. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. तीही मुलांना देताना आधी चाखा, सारणात तिखट असतं. सावजी जेवण झणझणीत तिखट, ते मुलांचं काम नव्हे; मोठ्यांना खायचंच असेल तर मुलांसाठी दहीभाताची सोय त्याच टेबलावर आहे का ते आधी विचारा.

जेवण साडेअकरा ते बाराच्या मध्ये उरका. साडेबारानंतर बर्डीवरच्या थाळीच्या ठिकाणी नंबर लावावा लागतो, आणि भुकेलं मूल नंबर समजत नाही. वरण-भात, तूप, लिंबू एवढंच मागितलं तरी कोणी वावगं मानत नाही.

घरून दशम्या आणा. पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या कणकेची पोळी मऊ राहते. दोन वाट्या कणकेला साधारण पाऊण वाटी कोमट दूध, दोन चमचे तूप, चिमूट मीठ; गोड हवी असेल तर त्या दुधात अर्धी वाटी गूळ विरघळवा आणि दूध थोडं कमी धरा. यात मध्यम आकाराच्या सात-आठ होतात. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरल्या तर वाफेने ओल्या होतात आणि दुपारपर्यंत वास धरतात. उन्हाळ्यात दुधाची दशमी संध्याकाळपर्यंत ठेवू नका, दुपारच्या आत संपवा.

पाण्याची बाटली प्रत्येक मुलाची वेगळी, तिच्यावर नाव. मूल पाणी मागेल याची वाट बघू नका, दर वीस मिनिटांनी दोन घोट द्या. चार-पाच तासांत शू झाली नसेल, ओठ आणि जीभ कोरडी वाटत असेल, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, तर फिरणं थांबवून सावली गाठा आणि ओआरएस द्या. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात आणि छोटं 200 मिलिलिटरमध्ये. पाकिटावरचा आकडा वाचून मगच कालवा. अंदाजाने घट्ट केलेलं ओआरएस फायद्याऐवजी त्रास देतं. पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मूल मलूल झालं, पाणी पोटात ठरत नाही किंवा अंग तापलंय, तर घरगुती उपाय सोडा आणि जवळचा डॉक्टर गाठा.

दुपारची झोप

हाच दिवसाचा कणा. सर्वात चांगली सोय नातेवाइकांची. विदर्भातल्या घराचा मामा, मावशी, आत्या यांपैकी कोणीतरी नागपुरात असतंच. फक्त फोन करून आधी सांगा : 'जेवून येतो, दोन तास पोरांना पाठ टेकू द्या, स्वयंपाक नको.' शेवटचे दोन शब्द नाही सांगितले तर तिथे पुरणपोळी होते, गप्पा रंगतात आणि मूल झोपतच नाही.

नातेवाईक नसतील तर रेल्वे स्थानकाचं प्रतीक्षालय, परतीचं तिकीट रेल्वेचं असेल तर. किंवा चक्क मेट्रो. सीताबर्डीहून खापरीकडे गाडी गार असते, फारशी हलत नाही आणि दुपारी बसायला जागा मिळते. कडेवरचं मूल पाच-सहा स्थानकांत झोपतं. शेवटच्या स्थानकावर बाहेर पडून परतीचं नवं तिकीट घ्या, कारण आतल्या आत फिरत राहायला वेळेची मर्यादा असते. अशी एक फेरी म्हणजे जवळपास तासाभराची झोप. मोठं मूल जागं असेल तर त्याला खिडकीशी बसवा, विमानतळाच्या बाजूने जाताना नशीब असेल तर विमान उतरताना दिसतं.

दुपारनंतर : रामन की छोटी रेल्वे?

दोन्ही नको. मूल बघून एक निवडा.

रामन विज्ञान केंद्र गांधीसागरासमोर आहे, अ‍ॅक्वा मार्गिकेवरचं कॉटन मार्केट स्थानक त्याला सोयीचं. 1992 मध्ये सुरू झालं, तारांगण 1997 चं. हात लावून, दाबून, फिरवून बघायची यंत्रं आहेत, बाहेर आवारात डायनासोर. पोचल्यावर सर्वात आधी तारांगणाच्या पुढच्या खेळाची वेळ आणि भाषा विचारा आणि तिकीट काढा, दालनं मग बघा. उलटं केलं तर खेळ भरतो आणि पुढच्या खेळासाठी थांबता थांबता संध्याकाळ होते. तारांगणाचं तिकीट वेगळं असतं. साडेचार-पाच वर्षांखालच्या मुलांना दिवे विझल्यावर भीती वाटते. अशा मुलाला दाराजवळच्या खुर्चीवर घ्या, म्हणजे उठून जाता येईल. किंवा एकाने मोठ्याला आत न्यावं, दुसऱ्याने धाकट्याला डायनासोर दाखवावेत. डायनासोर शेवटी ठेवा. आधी दाखवले तर मुलं आतली दालनं बघतच नाहीत.

छोट्या रेल्वेसाठी कडबी चौक. तिथे मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे, 2002 मध्ये उघडलेलं. दोन फूट सहा इंच रुंदीच्या रुळांवर धावणारी जुनी इंजिनं आणि डबे तिथे उभे आहेत, मुलांसाठी छोटी गाडीही असते. सातपुड्याच्या या छोट्या रेल्वेच्या आठवणी नागपूरच्या आजोबांना असतात, तेव्हा आजोबांना गाइड करा. लहान मुलाच्या उंचीला ही इंजिनं बरोबर बसतात. मोठ्या इंजिनाचं त्याला फक्त चाक दिसतं, इथे अख्खं इंजिन दिसतं. छोट्या गाडीला माणसं पुरेशी जमली की ती निघते, म्हणून फेरीची वेळ आत शिरतानाच विचारा. पोलादी पायऱ्या दुपारी तापलेल्या असतात, पायात चप्पल असू द्या.

कडबी चौकाला जाताना झिरो माईलनंतर मुलाला खिडकीशी धरा. गड्डीगोदामपाशी खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वे, रेल्वेवर उड्डाणपूल आणि सर्वांत वर आपली मेट्रो. एकावर एक चार मजले. खालून मालगाडी जाताना सापडली तर संग्रहालयापेक्षा तेच मुलाच्या लक्षात राहतं.

गोरेवाडा मी या बेतात धरत नाही. 2021 पासूनची ही सफारी चांगली आहे, पण काटोल रोडकडे, मेट्रोपासून लांब, आणि बसमध्ये बसून जनावर दिसायची वाट बघावी लागते. पाच वर्षांच्या वरच्या मुलांसाठी वेगळा दिवस काढा, आरक्षण आधी ऑनलाइन करा.

पिशवीत

प्रत्येक मुलाचे दोन कपडे, त्यांतला एक जोड वरच्या खणात. चार-पाच मजबूत प्लास्टिक पिशव्या, ओकारी आणि ओल्या कपड्यांसाठी. ओआरएस, ओला रुमाल, साबण, टोपी, डॉक्टरने वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध. मुलाच्या हातावर कोपराच्या आतल्या बाजूला बॉलपेनने मोबाइल नंबर लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. मनगटावर लिहिलेला नंबर हात धुताना जातो. घरातून निघताना मुलाचा त्याच कपड्यांतला फोटो काढा. मूल हरवलं तर 'निळा शर्ट होता बहुतेक' म्हणायची वेळ येत नाही. हरवलं तर एकाने त्याच जागी उभं राहायचं, दुसऱ्याने शोधायचं, आणि 112 लावायला दहा मिनिटं थांबायचं नाही. मुलांसाठी 1098 आहे.

परतताना

गाडीच्या वेळेच्या एक तास आधी स्थानकाकडे निघा. संध्याकाळी सहानंतर बर्डी आणि स्थानक परिसरात ऑटो मुंगीच्या पावलांनी सरकतो. संत्री घ्यायची तर हातात तोलून घ्या. आकाराने मोठं आणि वजनाला हलकं, साल सुटून फुगलेलं, असं फळ आत कोरडं निघतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आंबिया बहाराची साल हिरवट असली तरी फळ गोड असू शकतं. एक फोडून चाखू द्या म्हटलं तर विक्रेते बहुधा देतात. गाडीत मुलांना रिकाम्या पोटी संत्रं देऊ नका, आंबटाने उलटी होते. मळमळ वाटली तर साल चुरून हुंगायला द्या, पण चुरताना मुलाच्या तोंडापासून हात लांब धरा. सालीतला रस उडून डोळ्यात गेला की झोपलेला धाकटाही उठून बसतो.